पुढच्या पगाराला

"पॅड गेलेत भिया," शब्बीर म्हणाला होता,
"अठराशेत होऊन जाईल."
यांनी खिशावरून नुसता हात फिरवला.
पुढच्या पगाराला बघू.

पुढच्या पगाराला भंवरकुव्याच्या क्लासची फी,
त्याच्या पुढच्याला वन्संकडची मुंज.
पलासियाच्या सिग्नलला ब्रेक असे किंचाळायचे
की पोहेवाला कढईतून मान वर काढायचा.
हे रेडिओ मोठा करायचे.

मी गप्प. डाळीच्या डब्यात
माझेही दोन हजार होते.

ओंकारेश्वरला निघालो. भेरूघाटाचा उतार,
पुढे कापसाचा ट्रक.
यांनी पाय दाबला.
त्या दिवशी किंचाळणंसुद्धा नाही,
पेडल चिखलात रुतावं तसं खाली गेलं.
मग हँडब्रेक, मग कठडा,
मग माझ्या बाजूचं दार
पुडीच्या कागदासारखं.

बिल छत्तीस हजार.
शब्बीर "मी सांगितलं होतं" म्हणाला नाही.
चहा मागवला.
तेच यांना जास्त लागलं.

आता ब्रेक नवे, लोण्यासारखे.
हे चाळीसच्या वर जात नाहीत.
तरी उतार आला की
माझा उजवा पाय
पुढची चटई दाबून धरतो,
जिथे काहीच नाही.