दोन आणि तीन

तापकीर गल्लीतून आणलेले सोळा कॉम्बो जॅक.
बिलावर नुसतं 'जॅक, १६ नग', तारीखही कालची.
एकाच तोंडात दोन सोयी:
माइकची तीन पिनांची, गिटारची एक लांबट.
कोण कुठून आलं, जॅक विचारत नाही.

सहकारनगरात, तळघरात, जिथे गणिताची शिकवणी चालायची,
सोनटक्क्यांचा स्टुडिओ होतोय.
कोपऱ्यात खडूनं लिहिलेलं अर्धं प्रमेय अजून आहे.
पुसायला निघाले तर म्हणाले, राहू दे,
वरून फोमच बसणार आहे.

मी पाटावर. पॅनेल पुढ्यात उपडं.
मागून काम, म्हणजे डावं ते उजवं;
डोक्याला हे लगेच कळतं, हाताला उशिरा.
एक म्हणजे जमीन.
दोन म्हणजे होकार.
तीन म्हणजे तोच होकार, उलटा धरलेला.
मणेरचाचांनी असंच शिकवलं होतं,
पुस्तकातले शब्द त्यांना टोचायचे.
मग टोकाशी दोन, कड्याशी तीन, बुडाशी एक,
तारेच्या नखाएवढ्या तुकड्यांनी.

"आधी पिन तापव, मग कथील बोलाव.
गनच्या टोकाला लावलंस तर टोकाचंच होऊन बसेल.
आणि डाख बसेपर्यंत हात हलवू नकोस,
श्वासही जरा उधारीवर घे."
राळेचा धूर डोळ्यांत जातो.
चांगला सांधा चकाकतो, पाण्याचा थेंब पानावर बसावा तसा पसरून.
वाईट सांधा राखाडी, फुगलेला,
काम झाल्याचं सोंग करणारा.

पाचव्याला नळी घालायची राहिली.
डाख छान लागला, आणि काळी नळी
माझ्या मांडीवर. पुन्हा सगळं सोडवलं.
एकोणीस वर्षं झाली या कामात,
महिन्यातून एकदा नळी मांडीवर असतेच.

अकराव्याच्या वेळी दिवे गेले.
मोबाइल दातांत धरून जोडला.
शेवटी मीटर लावला. टीं. टीं. टीं.
सोळाही जण हो म्हणाले.

रविवारी यशोधन ढमढेरे तबला घेऊन आला.
एक माइक वरून, एक डग्ग्याजवळ.
दोन ठेके वाजवून थांबला, पुडीवर हात ठेवून:
"डग्ग्याचं पोट कुठं गेलं?"

वरचा एकटा ऐकला, ठीक.
खालचा एकटा ऐकला, उत्तम.
दोन्ही एकत्र केले की धा पातळ,
पत्र्यावर बोट मारल्यासारखा.
एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारात सांडत होता.

मला मणेरचाचा आठवले आणि त्यांचे धाकटे भाऊ,
समोरासमोरची दोन दुकानं, मधे सहा फुटांची गल्ली.
या दुकानात चहा मिळायचा, त्या दुकानात खारी.
दोघंही मला पोरी म्हणायचे.
निकाहाला एकदा दोघं एकाच सतरंजीवर बसलेले पाहिले,
तर त्या खोलीत कुणाचाच आवाज नव्हता.
त्यांच्यात नक्की काय उलटं जोडलं गेलं होतं,
मी कधी विचारलं नाही. विचारणार कोण?

पॅनेल उघडलं.
अकरावा: दोनच्या जागी तीन, तीनच्या जागी दोन.
सांधे दोन्ही सुरेख, चकचकीत.
ज्या चुकीनं जोडलं
त्याच चुकीनं मी तपासलंही होतं,
मीटर बिचारा काय बोलणार.

कथील ओढून घेतलं, तारा मोकळ्या केल्या,
अदलाबदल केली. साडेचार मिनिटं.
यशोधननं नुसता घिस्सा दिला
आणि कोपऱ्यातली पाण्याची बाटली थरथरली.

सोनटक्के म्हणाले, काय केलंत?
म्हटलं, काही नाही, दोन तारा इकडच्या तिकडे.
याचे वेगळे पैसे नाहीत.

पाना पिशवीत टाकताना थांबले.
या वेळी नळी आधी घातली होती ना?
पुन्हा उघडून बघितलं.
होती.