पर्यायी आराखडा, तिसरी प्रत

रस्ता आणि पार्किंग यांच्यामध्ये
साडेतीन मीटर रुंद, एकशे ऐंशी मीटर लांब
जी पट्टी उरते, तिला नकाशात बफर म्हणतात.
वॉर्ड ऑफिसनं मराठी प्रत मागितली तेव्हा मी अडले.
संरक्षक पट्टा? मध्यवर्ती हरितक्षेत्र?
आईला फोन लावला.
ती म्हणाली, अगं, बांध.

बांध म्हटलं की आमच्याकडे
दोन काका, एकवीस वर्षं आणि एक वकील आठवतो.
वीतभर जमिनीपायी थोरल्यानं
फळावर आलेला रायवळ तोडला होता.
इथे कांजूरला बांध कुणालाच नकोय.
छेडाशेठना तिथे अजून अकरा गाड्या दिसतात.
रस्तेवाले म्हणतात, आमच्या हद्दीत येत नाही.
नियम म्हणतो, गाड्या झाकल्या गेल्या पाहिजेत.
शेठ म्हणतात, पाटी मात्र दिसली पाहिजे.
झाकणारं आणि दाखवणारं असं एकच झाड
मी अजून कुठल्या नर्सरीत पाहिलेलं नाही.

पहिल्या प्रतीत बासष्ट बाटलीपाम होते.
जुनी फाइल उघडायची, साइटचं नाव बदलायचं, शिक्का.
पामाला सावली नसते म्हणतात.
असते, एका माणसापुरती,
तोही अंगानं बारीक हवा.

दुसऱ्या प्रतीत मी करंज मांडले, भेंड, उंडी,
रात्री दीडपर्यंत गोल काढत बसले,
गोलावर गोल चढेल इतकी दाट सावली.
सकाळी सर्व्हे आला:
दीड फुटावर वीज, तिच्याखाली गॅस,
त्याच्याही खाली कुठल्याशा जमान्यातली मोरी,
जिचं दुसरं तोंड कुणाला सापडत नाही.
थोडक्यात, मुळांनी फार खोलात शिरायचं नाही.

मग वसईहून सायमन तुस्कानो आला,
रोपांचा टेम्पो गेटबाहेर उभा करून.
चिमूटभर माती जिभेला लावली आणि थुंकला.
खारं, सिमेंट, फरशीचा चुरा.
"पत्र्यामागं काय आलंय ते बघितलंत का मॅडम?
आपण न लावता?"

पत्र्यामागे रुई होती, मांडीइतकी जाड एरंडी,
गुटख्याच्या पुड्यांतून वर आलेला कुर्डू,
आणि या सगळ्यातून तिरकी गेलेली
पायांनी गुळगुळीत केलेली एक रेघ:
मागच्या चाळीपासून बसथांब्यापर्यंत.
पत्रा त्या जागी कुणीतरी दुमडला होता,
कडेनं पदर फाटू नये म्हणून
जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळली होती.

तिसरी प्रत अशी:
पाटीसमोर निर्गुडी, कमरेइतकी छाटलेली.
बाकी लांबीभर अडुळसा.
मुळं उथळ, पाणी बेताचं,
बकरी तोंड लावत नाही,
गिऱ्हाईकही लावणार नाही.
जिथे रुई आपणहून आहे तिथे रुईच.
आणि चार फुटांची जागा कोरी.

छेडाशेठनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.
"इथे काय?"
तिथे वाट लागलीय, असं मी खरं तेच लिहिलं असतं
तर प्लॅन त्याच दिवशी परत आला असता.
मी लिहिलं: देखभालीसाठी प्रवेश.
शेठनी माझ्याकडे पाहिलं, मग सही केली.
त्यांची आईही म्हणे कधीकाळी
अशाच कुठल्या फटीतून दूध घालायला जायची.
हे त्यांनी सांगितलं नाही. ड्रायव्हरनं सांगितलं.

आता साडेतीनशे अडुळसे उभे आहेत,
धुळीनं राखाडी, अजून धड झाकत काही नाहीत.
वाटेच्या तोंडाशी तीन रोपं कायम बोडकी.
तिथेच रात्रपाळीच्या इंद्रासन पासवानची खुर्ची असते.
दिवसभर डंपर, रात्रभर खोकला.
स्टोव्हवर पातेलं, पातेल्यात हिरवं काहीतरी उकळतंय.
त्यानं मला पाहून झाकण ठेवलं.

महिन्याच्या अहवालात
मी ती तीन रोपं पानगळीत धरली आहेत.