आंबट मातीतलं निळं

होटगी रोडच्या नर्सरीत इरण्णा बिराजदारनं
तीन रोपं मांडली माझ्यापुढं,
तिन्ही वीतभर, अंगात जोर नसलेली.
"रंगमास्तर, नावं इंग्रजी आहेत, नावावर जाऊ नका.
थंडीचे तास बघा."

एकाला हजार तास लागतात. ते त्यानंच बाजूला सारलं.
बाकी दोघांचं दीडशे-दोनशेत भागतं म्हणाला.
मी मनात सोलापूरची थंडी मोजायला घेतली:
गड्ड्याच्या आधीच्या चार रात्री,
एखादी पहाट, तोंडावरून ओढून घ्यावी अशी.
बस. चादरी आम्ही विणतो
त्या दुसऱ्यांच्या थंडीसाठी.

छत्तीस वर्षं रंगखात्यात गेली.
निळा माझ्या हातचा, एमआयडीसीत कुणालाही विचारा.
सूत भांड्यातून वर येतं ते पिवळट हिरवं.
नवखा पोरगा घाबरतो, बिघडलं म्हणतो.
थांब म्हणायचं. हवा लागली की निळं चढत जातं.
सगळं कॉस्टिकवर. नखं त्यातच गेली.

आणि हे निळं आम्ल मागतं!

काळी आमची माती, पट्टी लावली तर आठच्या पुढं.
पाणीही तसलंच, ते पण पाचव्या दिवशी.
मग नारळाचा भुसा, चिमूटभर गंधक,
बादलीत लिंबूसत्व,
पट्टी परत, परत,
साडेचारवर येईपर्यंत.
नागमणी जिन्यातून म्हणाली,
"दारात जांभूळ आहे. तेही जीभ निळी करतं. फुकट."
बरोबर होतं तिचं. मी बादली ढवळत राहिलो.

"एकटं लावलं तरी फळतं," इरण्णा म्हणाला होता,
"पण मनापासून नाही. दुसऱ्या जातीचं शेजारी असू द्या."
आमच्या गच्चीवर टाकीची सावली एकाच कुंडीपुरती.
म्हणून दुसरी कठड्यापलीकडं, शमशाद बागवानकडं.
तिच्या घरानं तीन पिढ्या फळं विकली.
पान चुरगळून तिनं वास घेतला.
"हे गाड्यावर किती दिवस टिकतं?"
"अजून लागलंच नाही."
"तरी?"

फेब्रुवारीत दोन्हीकडं फुलं आली.
पांढरी. उलट्या टांगलेल्या घंटा, तांदळाहून थोड्या मोठ्या.
निळ्याचं फूल पांढरं असतं,
हे मला साठी उलटल्यावर कळलं.
पहिल्या वर्षी खुडायची असतात, मुळांना धरू द्यायचं.
नखं नसलेल्या बोटांनी वेळ लागला,
पण मी माझी सगळी खुडली.
शमशादनं तिची खुडली नाहीत.
पाहिलं. बोललो नाही.
एक मधमाशी कठडा ओलांडून माझ्याकडं आली,
फिरली, परत गेली.

आता एप्रिल. एकेचाळीस.
तिच्या कुंडीत सहा दाणे धरलेत.
आज दुपारी तिनं हाक मारली, चेहरा उतरलेला:
"मास्तर, ही तर पिवळट हिरवीच राहिली."

मी कठड्यावर दोन्ही हात टेकले.
थांब, म्हटलं,
हवा लागू दे.