कळक

मत्रहच्या बाजारात, लोबानवाल्यांच्या मागच्या बोळात
माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, साडेचार फूट रुंद.
दिवसभर डाख लावतो,
मुंगीच्या डोळ्याएवढा.

खल्फान म्हातारा मग्रिबच्या आधी आला,
जुन्या मुसरमध्ये गुंडाळलेला दल्ला घेऊन.
आत डोकावलो. कल्हई गेलेली,
पितळ उघडं पडलेलं, तळाशी हिरवट.
"कहवा तोंडात धरवत नाही," म्हणाला.
या चवीला अरबीत काय म्हणतात, ठाऊक नाही.
आमच्या बाणकोटात म्हणतात, कळकलं.

"तुझ्याकडे तार आहे ना, तीच वितळव."
मी रीळ उलटं करून आकडे दाखवले:
शंभरात चाळीस शिसं आहे, चाचा.
फोनला चालतं. पोटाला नाही.

मग खणातली कांडी काढली,
बावाची. मलायाचं कथील,
शिक्का निम्मा पुसलेला.
कानाशी धरून वाकवली.
कर्रर्र.
कथील वाकताना रडतं,
शिसं मुकाट वाकतं.
बावा असंच पारखायचा;
व्यापाऱ्याच्या शपथेवर त्याचा भरवसा नसे.
सांगायचा, फार थंडीत याला रोग लागतो,
चकचकीत धातूची राखाडी भुकटी होते.
तो बाणकोटाबाहेर कधी गेला नाही,
थंडी कुणाकडून ऐकली होती कोण जाणे.

मागच्या दारी शेगडी पेटवली.
चिंच, वाळू, पुन्हा चिंच.
नवसागराचा धूर उठला तसा
शेजारचा मलबारी शिंकत शिव्या द्यायला लागला.
कांडी टेकवली, कापूस फिरवला,
आणि आत चांदणं पसरत गेलं
पंधरा वर्षांत न हललेल्या माझ्या मनगटातून.

खल्फान बघत होता. म्हणाला,
तांबं आमच्या डोंगरातलं, फार जुनं.
हे मात्र नेहमी बोटीनेच आलं.
मी म्हटलं, हो. आम्हीपण.
तो हसला नाही. मान डोलावली.

पैसे किती, ते ठरलंच नाही.
इशानंतर तो थर्मास घेऊन परत आला,
पहिला फिंजान माझ्या हातात दिला.
वेलची, कडवटपणा, बस.
जिभेला धातू लागला नाही.

रात्री घरी फोन केला.
"बरं आहे ना सगळं?"
"बरं आहे."
उरलेली कांडी बोटांत होती,
बोलता बोलता पुन्हा वाकवली.
आवाज आला, पण बारीक.
"काय वाजलं?" तिनं विचारलं.
"काही नाही," म्हणालो, "लाईनीत खरखर."