आडनावाचा रकाना

पहिल्याच रकान्यात अडले.
आडनाव.

आमच्याकडे आडनाव नसतं, हे त्या चौकोनाला कसं सांगायचं?
आईचं नाव वेगळं, भावाचं वेगळं, माझं तिसरंच,
एकाचं दुसऱ्याला कुठे लागत नाही,
आणि जेवायला मात्र सगळे एकाच पातेल्याभोवती.
शेवटी पासपोर्टवरचं लांबलचक तेच टाकत गेले:
राझाफिंद्राकुतुनिरिना.
सोळा रोमन अक्षरांनंतर चौकोन घेईना.
राहिलं राझाफिंद्राकुतुनि.
निरिना तुटलं मधेच,
आणि निरिना म्हणजे हवीहवीशी,
मागून घेतलेली.

आई म्हणाली, असू दे,
माझ्या बिल्ल्यावर तर नुसता नंबर आहे.
ती निर्यातीच्या कारखान्यात स्वेटरच्या बाह्या जोडते.
तिचे स्वेटर दर महिन्याला युरोपात जातात.
त्यांना कुणी पाचशे शब्दांत विचारत नाही
आमच्याकडेच का यायचंय म्हणून.

मामाने झेबू विकले होते,
नवे घेईपर्यंतचे पैसे माझ्या खात्यात ठेवले.
अठ्ठावीस दिवस मी श्रीमंत होते.
एकोणतिसाव्या दिवशी शिक्क्याचा कागद माझ्याकडे राहिला
आणि पैसे गुरांच्या बाजाराला गेले.

उरलं शिफारसपत्र.
प्रोफेसर राबेआरिसुआ चष्मा पुसत म्हणाले,
तूच लिही, मी सही करतो.
साडेतीनशे उत्तरपत्रिका त्यांच्या खुर्चीवर बसल्या होत्या,
ते स्वतः उभे.

पहाटे चारला वीज आली तेव्हा लिहायला घेतलं.
स्वतःला 'ही विद्यार्थिनी' म्हणायला हात वळेना.
पहिल्या खर्ड्यात मी फक्त वेळेवर येत होते.
दुसऱ्यात इतकी हुशार झाले
की मलाच तिचा हेवा वाटला, आणि थोडा संशय.
तिसऱ्यात खरं लिहिलं:
फेब्रुवारीत, अलाउत्रा तळ्याच्या वरच्या टेकडीवर
लाल माती फाटून जी घळ पडते,
लावाका म्हणतो आम्ही तिला,
तिच्यात ही उतरली.
कमरेला दोर, दुसरं टोक जीपच्या ड्रायव्हरच्या हातात.
सात वेळा माप घेतलं.
सातही वेळा काठ मागे सरकलेला.
आठव्या वेळी खुंटी ठोकली होती ती जमीनच नव्हती,
तेव्हा हिने तक्त्यात शून्य न भरता
'खुंटी गेली' असं लिहिलं.

सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं.
हे मला कुठे सांगितलंस, म्हणाले.
मग दोर काढायला लावला, विम्याचं लफडं नको.
'असामान्य' खोडून 'चांगली' केलं.
आणि सहीच्या वर, मला न विचारता,
आपल्या तिरक्या अक्षरात एक ओळ घातली:
ही परत येईल.

बसमध्ये तो कागद मांडीवर धरून बसले होते.
खोटं म्हणावं तर वाक्य माझं नव्हतं.
खरं म्हणावं तर
माती कुठल्या बाजूला जाते
ते मी सात वेळा मोजलं होतं.

शेवटचं बटण तुजूने दाबलं.
वीज गेलेली, इंटरनेट त्याच्या फोनचं,
बॅटरी चार टक्के.
गेलं का, मी विचारलं.
अंधारात तो म्हणाला, बहुतेक.

उत्तर सकाळी आलं.
आई पातेल्याच्या तळाला लागलेल्या भातावर
पाणी ओतून उकळत होती,
करपट, सोनेरी, आम्ही जेवणावर पितो ते.
मी मोठ्याने वाचलं:
प्रिय श्री. राझाफिंद्राकुतुनि, आपला अर्ज पोहोचला.

हा कोण, आईने विचारलं.
आहे एक, म्हटलं. तिकडे जाईन म्हणतोय.
ती हसली.
जाऊ दे त्याला, म्हणाली,
तू आधी हे पिऊन घे, निवतंय.