जोडलेले हात

दुकानाचं नाव सुगत डिजिटल,
टी-पॉइंटवर, पंक्चरच्या दुकानाला लागून.
दहा बाय तीन, वीस बाय दहा,
चेहरे आम्ही चौरस फुटावर विकतो.

काल बोरजईचे भूषणभाऊ आले.
वाढदिवस. भावी जिल्हा परिषद सदस्य.
मागच्या वर्षी भावी सरपंच होते,
त्याआधी बरीच वर्षं भावी जावई.
फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर, चार मोबाइल फिरून आलेला,
नाकाच्या जागी नुसते चौकोन.
"ताई, गोरं करजा थोडं. अन् चष्मा टाका
त्या साऊथवाल्या हिरोसारखा,
मांगून आग, बाजूनं वाघ."

आग माझ्याकडे आहे. वाघही आहे.
तोच वाघ मी तिन्ही पक्षांना दिला,
त्याची अजून तक्रार नाही.

खाली शुभेच्छुक, बत्तीस डोकी.
सगळी एकाच मापाची लागतात,
नाही तर रात्री अकराला फोन:
"त्याचं टक्कल माह्यापेक्षा मोठं काहून?"
सोमवारी त्यातल्या एकानं पक्ष बदलला.
मी माउसनं उचलून
या फ्लेक्सवरून त्या फ्लेक्सवर ठेवलं,
मान जराही हलली नाही त्याची.
'हार्दिक' मी दर वेळी ऱ्हस्व करते,
ते समोर बसून दीर्घ करून घेतात.
"शुभेच्छा मोठी दिसाले पायजे ना, ताई."

अन् लाइन जाते. नेमकी तेव्हाच.
भूषणभाऊ अर्धे मशीनच्या बाहेर लोंबतात:
आग, केस, चष्मा,
पुढे पांढरं.
पंक्चरवाला मुस्ताक तिकडून ओरडतो,
"जन्मले का?"
इन्व्हर्टर दीड वर्षापासून यवतमाळला दुरुस्तीत आहे.
हेल्पलाइनवरची बाई म्हणते, आपला कॉल महत्त्वाचा आहे.
आवाज सिरियलमधल्या सासूसारखा गोड,
म्हणजे दुधात काहीतरी कालवलेलं असणारच.

आता एक सांगते, तुमच्यातच ठेवा.
फोटोत कोणीच हात जोडून येत नाही,
एक हात खिशात, दुसरा मोबाइलवर.
हात मी लावते.
सहा वर्षांपासून एकच जोडी,
अकरा गळ्यांखाली.
उकंडराव मेश्रामांचे हात ते,
ग्रामपंचायतीचे नळवाले.
पासपोर्ट फोटोला आले होते,
कॅमेरा दिसल्याबरोबर सवयीनं हात जोडले.
मी म्हटलं खाली घ्या, पण तोवर बटण दाबलं गेलं.
उजव्या अंगठ्याला नख नाही,
व्हॉल्वच्या चाकात गेलं.
तेव्हापासून तालुक्यातल्या एकाही भावी माणसाला
उजव्या अंगठ्याचं नख नाही.
एवढ्या सत्कारांत, एवढ्या हारांखाली
कोणाला दिसलं नाही.

परवा उकंडराव आले.
मानधन सात महिन्यांचं थकलं,
अर्ज टाइप करायचा होता.
भूषणभाऊ भिंतीला टेकवून ठेवले होते, शाई वाळत.
समोर थांबले. चष्मा काढला,
सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.
जवळ गेले. अंगठ्यापाशी वाकले.
"अवं पोरी," म्हणाले,
"हा बुवा त माह्याच हातानं
मलेच हात जोडून राह्यला."

मला हसू आलं, मग आलेलं थांबलं.
म्हटलं, काढून टाकू का, दुसरे लावते.
"राहू दे," म्हणाले, "दुसऱ्या कोनाचे लावशीन?
त्याचंबी मानधन थकलंच असन."

अर्ज लिहायला घेतला.
महोदय, सविनय, सदर, कृपया.
आपला नम्र, इथपर्यंत आले
आणि लाइन गेली.
सेव्ह केलं नव्हतं.

उकंडराव स्टुलावर बसले,
मशीनकडे बघत, पंखा थांबलेला,
दोन्ही हात खिशात घालून.
बाहेरून मुस्ताक ओरडला.
आम्ही दोघंही काही बोललो नाही.