गुंजेचा काटा

अर्जुनीच्या बाजारात बाबांनी तीन काटे पाहिले.

पहिला बॅटरीवरचा, हिरव्या आकड्यांचा.
"पॉइंटात दाखवते, काका," दुकानदार म्हणाला.
बाबांनी त्यावर नुसती फुंकर घातली.
आकडे उधळले, धानात टॉर्च पडल्यावर
डुकरं उधळतात तसे.
"हवेले भेते हे," म्हणत परत दिला.

दुसरा पितळी, किराण्यातला,
हळद-जिऱ्याच्या सवयीचा.
त्याला थोडं इकडेतिकडे म्हणजे शेजारधर्म.
पण भरमारीची नळी शेजारधर्म पाळत नाही.
फगोजीकाकाच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती,
आणि सगळा गाव सांगायचा,
त्याचं माप डोळ्यांत होतं.

तिसरा सोनाराच्या पोरानं माळ्यावरून काढला.
सागवानी डबीत निजलेला,
बेलाच्या पानाएवढी दोन पारडी,
रेशमी दोरा एका बाजूनं पिवळा पडलेला.
वजनं हरवलेली.
"मंग कायले घेता?" मी म्हटलं.
बाबांनी बंडीच्या खिशातून गुंजा काढल्या,
तलावाच्या पाळीवरच्या.
लाल, काजळ घातलेल्या.

शिंगाचं माप घेतलं. लाकडी गज घेतला.
चाळणी तांब्याची.
"लोखंड नको, पोरी. लोखंड भांडखोर."

त्या रात्री आईनं चूल विझवली,
राखेवर पाणी मारलं, वर परात पालथी घातली.
बाबांनी खर्रा थुंकला.
परवान्याची वही खुंटीला,
बल्ब पार पलीकडच्या खोलीत,
आणि मी दारात, सांगितल्याप्रमाणे
श्वास अंगणाकडे सोडत.
एवढे हळू हात
मी त्यांचे कधी पाहिले नव्हते,
मला न्हाऊ घालतानासुद्धा नाही, असं आई म्हणते.

मग निवडणूक लागली.
बंदूक ठाण्यात जमा झाली, पावती मिळाली.
निकाल लागला, गुलाल धुतला गेला,
ज्याची त्यानं आपापली आणली.
बाबांनी आणली नाही.
काहून, ते मी विचारलं नाही.
आता माळ्यावर बसून डबा वाजवतात,
डुकरांना डबा पाठ झाला आहे.

परवा माहेरी गेले तर काटा खाली काढलेला.
एका पारड्यात ठाण्याची पावती, चार घड्या घालून.
दुसऱ्यात एकेक गुंज टाकत होते.
मी वाकले.
"थांब," म्हणाले, "श्वास तिकडे सोड."